नाशिकहून कोकण किनारा, चार दिवस, आपली गाडी: आधी तिथी बघा, मग बाकीचं

पहिल्यांदा अलिबागला गेलो तेव्हा आम्ही पहाटे चारला नाशिक सोडलं, वाटेत कुठेही न रेंगाळता अकराच्या सुमारास समुद्रावर पोहोचलो आणि कुलाबा किल्ल्याकडे नुसते बघत उभे राहिलो. किल्ला समोर, मधे छातीभर पाणी. समुद्रातून चालत किल्ल्यावर जायचं, असं मुलांना आठवडाभर सांगून ठेवलं होतं. शेजारी शहाळी विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, आज पुनव ना? आता पाणी भरलेलंच असणार. उतरेल ते संध्याकाळी, पण तेव्हा किल्ल्यात सोडत नाहीत." सासूबाईंनी सकाळी गाडीत बसतानाच आज पौर्णिमा असल्याचं सांगितलं होतं. ते ऐकून आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. नाशिकला पौर्णिमेचा संबंध उपासाशी आणि गोदाकाठच्या गर्दीशी, पाण्याच्या उंचीशी कुठला?

त्यानंतर त्या किनाऱ्यावर बरेचदा गेलो. घाटावरचे आपण लोक सहल ठरवताना किलोमीटर मोजतो आणि तिथेच चुकतो. किनाऱ्यावर दिवस चालतो तो भरती-ओहोटीवर आणि फेरीबोटीच्या वेळेवर. म्हणून खालचा सगळा बेत त्याच क्रमाने मांडला आहे. रायगड जिल्ह्याचा किनारा, म्हणजे रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, तीन मुक्काम, चार दिवस. सोबत लहान मुलं आणि एक-दोन ज्येष्ठ माणसं आहेत असं धरलं आहे.

पायरी पहिली: भिंतीवरची दिनदर्शिका काढा

कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, तेव्हा निघण्याआधी मोबाइलवर त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक पडताळून घ्याच. पण तारीख ठरवायला पाऊणपटीचा हिशेब पुरतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं: भरती खूप वर चढते, ओहोटीही खूप खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. कुटुंबाला घेऊन जायला मला चतुर्थी ते सप्तमी हे दिवस सर्वांत सोयीचे वाटतात. ओहोटी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येते, उन्हं फार चढलेली नसतात, खडकावरचं पाणी उतरलेलं असतं. या चार दिवसांत शनिवार-रविवार येतो का ते बघा. वद्य चतुर्थीला, म्हणजे संकष्टीला, दिवेआगरच्या गणपतीला गर्दी असते एवढं लक्षात ठेवा. अंगारकी असेल तर तो दिवस सरळ टाळा.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर घाम काढणारी हवा सुरू होते. नाशिकच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्यांना ती जास्त जड जाते, आमच्या सासूबाई दोन तासांत गळून गेल्या होत्या. मे महिन्यात आंबा-फणसाचा मोह असतो, पण गर्दीही तेवढीच. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात जाऊ नका, अलिबागच्या फाट्यावर, वडखळला, गाड्यांच्या रांगेतच अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात किनारा फार देखणा दिसतो, पण जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, समुद्र खवळलेला असतो आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असल्याने ताजी मासळीही मोजकीच.

पायरी दुसरी: कुठे थांबायचं ते ठरवा, आणि एक ठिकाण कमी करा

नाशिकहून निघणारे लोक तीन दिवसांत अलिबाग ते दापोली करायला निघतात. ते गाडीतच बसून राहतात. माझं मत स्पष्ट आहे: हरिहरेश्वरच्या पुढची बाणकोटची खाडी ओलांडायची नाही. वेळासची कासवं, केळशी, आंजर्ले हे सगळं सुंदर आहे, पण ती वेगळी सहल.

पहिला मुक्काम मुरूड किंवा त्याच्या अलीकडे नांदगाव-काशिद पट्ट्यात. दुसरा आणि तिसरा मुक्काम दिवेआगरला, एकाच घरी. रोज सामान बांधायचं आणि सोडायचं यात मुलांची आणि ज्येष्ठांची दमछाक होते, म्हणून सलग दोन रात्री एका जागी. एवढे दिवस नसतील, दोनच रात्री हातात असतील, तर दोन्ही मुरूडला करा आणि मुरूड-दिवेआगरच्या मधली खाडीही ओलांडू नका.

राहायला घरगुती व्यवस्था घ्या. दिवेआगरला नारळी-पोफळीच्या वाडीत घरं आहेत, मागच्या दाराने पाच-दहा मिनिटांत समुद्र. फोन करताना चार गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का, गाडी आत लागते का, आणि जेवण घरात बनतं की बाहेरून येतं. शाकाहारी कुटुंबांनी खानावळ शाकाहारी आहे का हे आधीच स्पष्ट विचारावं, म्हणजे ऐनवेळी दोन्हीकडे अवघड होत नाही. उकडीचे मोदक आयत्या वेळी मिळत नाहीत. आदल्या दिवशी किती नग ते सांगावं लागतं, आणि सांगितलेले मोदक न खाता निघून जाऊ नये. कोणीतरी सकाळपासून नारळ खवत बसलेलं असतं.

पायरी तिसरी: गाडी

जाऊन-येऊन, तिथलं फिरणं धरून साडेसातशे किलोमीटरच्या आसपास होतं. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर पन्नास लिटर तेल. निघण्याच्या आठवडाभर आधी ब्रेक, कूलंट, वायपर, टायरची हवा आणि स्टेपनीची हवा बघून घ्या. स्टेपनीत हवा आहे का हे कोणी बघत नाही आणि ती नेमकी श्रीवर्धनच्या वाटेवर शेखाडीच्या चढावर लागते. फास्टॅगमध्ये पैसे, पीयूसी आणि विमा चालू. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, मुलांनीसुद्धा.

रोख पैसे बरोबर ठेवा. दिवेआगरकडे, खाडीपलीकडे, मोबाइलला रेंज मधूनमधून जाते, तेव्हा फोनवरून पैसे देणं अडतं. त्याच कारणाने नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. सामानात प्रत्येकाला एक जादा चप्पलजोड (किनाऱ्यावर बूट निरुपयोगी), जुन्या चादरी दोन, ओल्या कपड्यांसाठी जाड पिशव्या, गाडी लागणाऱ्यांसाठी आलेपाक आणि आवळा सुपारी. द्राक्षांचे दिवस असतील तर दोन पेट्या द्राक्षं घ्या. तिथल्या यजमानांना नाशिकची द्राक्षं दिली की घरचा माणूस आल्यासारखं स्वागत होतं.

पहिला दिवस: नाशिक ते मुरूड

पाथर्डी फाटा पहाटे साडेचारच्या आत मागे पडला पाहिजे. ही वेळ कल्याणपुढच्या शिळफाट्यावरच्या कोंडीसाठी आहे. तिथे आठच्या आत पोहोचलात तर सुटलात, नऊ वाजले तर तास-दीड तास गेला.

विल्होळी, गोंदे, घोटी करत इगतपुरीजवळ पिंपरी सदोला समृद्धी महामार्गावर चढा. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि आपल्यासाठी कसारा घाटाचं गणितच बदललं. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी थेट खाली उतरते. बोगद्यात शिरण्याआधी दिवे लावा, काचा वर करा, आतमध्ये थांबू नका. टोल लागतो, पण गाडी लागणारं मूल बरोबर असेल तर तो सत्कारणी लागतो. जुन्या घाटाने उतरणार असाल तर ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरा. तेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे लोक अजूनही दिसतात, त्यांच्या मागे राहू नका, त्यांना पुढे जाऊ द्या.

आमणेहून भिवंडी, कल्याण, शिळफाटा, कळंबोली, पनवेल. पनवेलनंतर गोवा महामार्गाने पेण. पेणला नाश्ता करा आणि वेळ असेल तर अर्धा तास गणपतीच्या एखाद्या कारखान्यात डोकवा. आपल्याकडे भाद्रपदात येणाऱ्या कितीतरी मूर्ती याच गावच्या असतात. रंगाआधीच्या पांढऱ्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात, मुलं तिथून हलत नाहीत. वडखळला गोवा रस्ता सोडून अलिबागच्या रस्त्याला लागायचं. नाशिक ते अलिबाग अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरमध्ये बसतं. अलिबाग गावात न अडकता रेवदंड्याकडे वळा. कुलाबा किल्ला चालत बघायचा असेल तर मात्र ओहोटीची वेळ साधून इथेच थांबावं लागेल, आणि ओहोटीला तास-दीड तास उरलेला असताना पाण्यात उतरून ओहोटी संपण्याआधी परत फिरावं लागेल. पाणी परतताना पायाखालून भराभर चढतं.

रेवदंडा-चौल हे मला अलिबागपेक्षा जास्त आवडतं. चौल हे शतकानुशतकं बंदर होतं. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच बंदरात उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. पोर्तुगिजांच्या कोटाच्या भिंती गावातून, वाड्यांतून जातात, भिंतीच्या आत माणसं नांदतात. पुढे कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत अजून पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. संध्याकाळी दीपगृहाच्या बाजूने किल्ल्यावर चढलं की एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं, पायऱ्या उंच आहेत.

काशिदला वाळू पांढरी, फोटो छान येतात, पण पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नका. किनारा पटकन खोल होतो आणि पाणी आत ओढतं. गोदावरीत, तलावात पोहणाऱ्यांना वाटतं आपल्याला येतं. समुद्रात ते ज्ञान अपुरं आहे. कधी ओढला गेलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडा, मग वळा. आमच्याकडे नियम साधा आहे: मुलं पाण्यात असतील तेव्हा एक मोठं माणूस नुसतं त्यांच्याकडे बघत उभं असतं, हातात मोबाइल नाही.

अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. हे रस्ते अरुंद आहेत, दिवे नाहीत आणि गुरं रस्त्यावर बसतात.

दुसरा दिवस: जंजिरा आणि खाडी

राजपुरीच्या धक्क्यावर सकाळी लवकर जा. शिडाच्या होड्या भरतील तशा सुटतात, उशीर केला की रांग वाढते. होडीतून किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरताना होडी वरखाली होते. नावाडी हात देतो तेव्हाच पाय टाकायचा, घाई करायची नाही. पायऱ्यांवर शेवाळ असतं. चालायला त्रास असणाऱ्या माणसाला मी होडीत घालणार नाही, त्यांना धक्क्यावरूनही किल्ला पूर्ण दिसतो.

सिद्दींचा हा किल्ला लढून कोणालाच घेता आला नाही. शिवाजी महाराजांनी त्याला शह म्हणून समोरच पद्मदुर्ग बांधला, होडीतून तोही दिसतो. जवळ जाईपर्यंत जंजिऱ्याचा दरवाजा सापडत नाही, हे मुलांना आधी सांगा आणि शोधायला लावा. आत गोड्या पाण्याचे तलाव आणि कलालबांगडी ही अजस्र तोफ. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं पाणी, हे बघून आमच्या धाकटीने विचारलं होतं, "मग यांना गंगापूर धरण लागतच नव्हतं?"

दुपारचं जेवण मुरूडला उरका आणि आगरदांड्याला निघा. आगरदांडा ते दिघी फेरीबोट गाडीसकट पलीकडे नेते. ती नसती तर शंभरेक किलोमीटरचा वळसा पडला असता. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, त्या आदल्या रात्री यजमानांना विचारून ठेवा आणि अर्धा तास आधी पोहोचा. एकदा आम्ही जेवणावर रेंगाळलो आणि धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोटीचा गाड्या चढवायचा फळा वर उचलला जात होता, पुढच्या फेरीपर्यंत उन्हात बसलो. पहिल्यांदा बोटीवर गाडी चढवणाऱ्याला धाकधूक होते. ज्येष्ठ आणि मुलं आधीच उतरवा, त्यांना चालत चढू द्या. फक्त चालवणारा गाडीत. बोटीवरचा माणूस हात दाखवेल तेवढंच बघा, आरशात आणि मागच्या कॅमेऱ्यात एकदम बघायला जाल तर गोंधळाल. फळ्याच्या सांध्यावर चाक खडखड वाजतं, गाडी किंचित डोलते, तिथे ब्रेक न मारता हळू पुढे जा. जागेवर लागली की हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. मग खाली उतरून कठड्याशी या, वाऱ्याला उभे राहा.

दिघीहून दिवेआगर जवळच आहे. पोहोचल्यावर त्या दिवशी काही बघायचं ठेवू नका, संध्याकाळ समुद्रावर काढा. गाडी वाळूत घालायची नाही, कितीही जणांनी घातलेली दिसली तरी. ओली वाळू वरून टणक वाटते, चाक थांबलं की रुततं, आणि भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही.

तिसरा दिवस: शेखाडीचा रस्ता

सकाळी आधी गावातला सुवर्ण गणेश. १७ नोव्हेंबर १९९७ ला इथल्या सुपारीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला. २०१२ च्या मार्चमध्ये तो दरोड्यात गेला आणि त्यात राखणदारांचे जीव गेले. २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. जवळच रूपनारायणाचं देऊळ आहे, तिथली विष्णूची मूर्ती पाच मिनिटांत बघून निघण्यासारखी नाही. दशावतार कोरलेले आहेत, मुलांना एकेक ओळखायला सांगा.

मग आरावी, कोंडिवली, शेखाडी करत श्रीवर्धन. सगळ्या सहलीत हाच रस्ता मला सर्वांत प्रिय. वीस-बावीस किलोमीटर, आणि बराच वेळ समुद्र उजव्या खिडकीत. वळणं आंधळी आहेत, हॉर्न वाजवा, फोटोसाठी वळणावर थांबू नका, पुढे रुंद जागा मिळतात. चालवणाऱ्याला समुद्र बघायला मिळत नाही, म्हणून येताना चालक बदला.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, आणि रोठा सुपारीचंही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या वाड्या अक्षरशः झोपवल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न यायला कित्येक वर्षं जातात, त्यामुळे त्या नुकसानीचा हिशेब अजून संपलेला नाही. आमच्या यजमानांच्या अंगणात सोलायची सुपारी वाळत घातलेली असते, नारिंगी साली सुकून तपकिरी होत जातात, आणि सकाळी काकू तीवर अनवाणी चालत पायानेच ती परतवतात. सुपारी, कोकम, आमसुलं, आंबापोळी घ्यायची ती अशा घरातून घ्या.

हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळेवर पोहोचायचं, सगळी तिथीची खटपट मुख्यतः यासाठी. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. त्यानंतरची प्रदक्षिणा डोंगराच्या पोटातून पायऱ्या उतरून थेट समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. लाटांनी त्या खडकांना मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडली आहे. भरतीला इथे लाट अचानक वर येते आणि माणसं ओढली गेली आहेत. पाणी चढतं आहे, आकाश भरून आलं आहे किंवा कोणी स्थानिक माणूस नको म्हणाला, तर प्रदक्षिणा सोडा. पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून नमस्कार केला तरी चालतो.

चौथा दिवस: परत

सकाळी सहाला निघा. बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव, तिथून गोवा महामार्गाने कोलाड, नागोठणे, पेण, पनवेल. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, थांबे धरून नऊ तास धरा. शिळफाट्याला भर दुपारी पोहोचणं त्यातल्या त्यात बरं, संध्याकाळचे पाच झाले तर पुन्हा अडकाल.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा जाताना, पहिल्याच दिवशी, रस्त्याकडेला घेऊन ठेवा. परतीचा रस्ता अलिबागवरून नाही. आपण लासलगावच्या बाजूची माणसं, आपल्याला कोणी कांद्याचं कौतुक सांगू नये असं वाटतं, पण तो खरोखर गोड असतो, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. माळ डिकीत बंद ठेवू नका, मुक्कामी उतरल्यावर वाऱ्याला टांगा.

घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुवून घ्या. खारी हवा आणि बोटीवरचे शिंतोडे चासीला, सायलेन्सरला, ब्रेकच्या चकत्यांना गंज धरतात, आणि ते दोन-तीन महिन्यांनी दिसतं. पायपुसण्या काढून झटका, सीटच्या फटीतून वाळू ओढून घ्या. आमच्या गाडीत मागच्या पट्ट्याचं कुलूप वाळूने अडकलं होतं, तेव्हा तेही एकदा लावून-काढून बघा.